स्पीच थेरपी: कुणाला लागते, कुठे मिळते आणि घरी काय करायचं

दोन वर्षांचं मूल बोलत नसेल तर घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "त्याचा बाबाही उशिराच बोलला. एकदा सुरू झाला की थांबणार नाही बघ." आजोबांना लकव्याचा झटका येऊन वाचा गेली तर म्हणतात, "देवाच्या मनात असेल तर येईल परत." दोन्ही वाक्यं मायेपोटीच येतात, पण त्यांच्या भरवशावर महिनेच्या महिने जातात.

दुसरी चूक थेरपी सुरू झाल्यावरची. आठवड्यातून दोनदा मुलाला खोलीत सोडायचं, बाहेर बाकावर मोबाइल बघत बसायचं आणि फी भरून निघायचं. लहान मूल आठवड्यात साधारण ऐंशी तास जागं असतं. त्यातले फार तर दीड तास थेरपिस्टचे, बाकी सगळे घरच्यांचे. मी थेरपिस्ट आहे, आणि माझं निम्म्याहून जास्त शिकवणं आईला, आजीला, पाळणाघरातल्या ताईंना आणि झटका आलेल्या माणसाच्या बायकोला असतं. म्हणून इथे दवाखान्यातल्यापेक्षा घरातल्या कामाबद्दल जास्त लिहिलं आहे.

पायरी १: आधी कान तपासून घ्या

बोलण्याची कुठलीही तक्रार असो, पहिली तपासणी ऐकण्याची. "फटाका वाजला की दचकतो, टीव्हीवर जाहिरात लागली की धावत येतो, त्याला ऐकू येतंय हो," हे पालकांचं म्हणणं खरं असतं आणि तरीही पुरेसं नसतं. काही मुलांना ढोल, हॉर्न, दाराचा आवाज नीट ऐकू येतो, पण स, श, फ असे बारीक आवाज पोहोचतच नाहीत. सतत सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठणाऱ्या मुलांचं ऐकणं तर आज बरं, उद्या कमी असं वरखाली होत राहतं.

नवजात बाळाची ओएई नावाची तपासणी काही मिनिटांत होते. त्यात शंका आली तर बेरा करतात, म्हणजे आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते तपासतात. जगभर पाळला जाणारा हिशेब असा: पहिल्या महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान, सहाव्या महिन्याच्या आत उपचार. आपल्याकडे अनेक प्रसूतिगृहांत ही चाचणी अजून आपणहून होत नाही, तेव्हा डिस्चार्जच्या कागदांत ती दिसली नाही तर विचारा.

बेराला मूल शांत झोपलेलं लागतं आणि निम्म्या फेऱ्या इथेच फुकट जातात. त्या दिवशी मुलाला पहाटे लवकर उठवा, एसटीत किंवा गाडीत डुलकी लागू देऊ नका, दूध आणि त्याची नेहमीची दुपटी बरोबर घ्या. तपासणीच्या खोलीत दूध पाजून झोपवलं की काम होतं. गरज पडली तर डॉक्टर झोपेचं औषध देतात, पण ते त्यांच्या देखरेखीखालीच. अडीच-तीन वर्षांपुढच्या मुलाला हेडफोन लावून, आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायला सांगतात. हा खेळ घरी आधी चमचा वाजवून खेळून गेलात तर तिथे मूल रडत नाही.

ऐकणं कमी निघालं तर श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेलं यंत्र) आधी आणि थेरपी त्याच्या पाठोपाठ. इम्प्लांट झालं म्हणजे मूल बोलू लागलं असं नसतं. मशीन फक्त आवाज पोहोचवतं. त्या आवाजाचा अर्थ लावायला शिकवण्याचं काम नंतर दोन-तीन वर्षं चालतं.

पायरी २: थांबायचं किती, हे ठरवा

सहाव्या ते दहाव्या महिन्यात "बाबाबा, दादादा" अशी बडबड, वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द, दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नास शब्द आणि "बाबा गेला", "दूदू दे" अशी दोन शब्दांची जोडणी. शब्द मोजताना कंजूषपणा करू नका. भू, मंमं, भूर, जोजो, बाऊ हे सगळे शब्दच आहेत. कुत्र्याला प्रत्येक वेळी "भू" म्हणत असेल तर तो पूर्ण गुणांचा शब्द.

मी मात्र शब्दांच्या आधी बोट बघते. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल आकाशातलं विमान बोटाने दाखवतं आणि वळून आईकडे बघतं: तू पाहिलंस ना? हे करणारं, सांगितलेलं समजणारं, खेळात नक्कल करणारं मूल बोलायला थोडं मागे असेल तर काळजी कमी. बोट दाखवत नाही, नावाला वळून बघत नाही, नजरेला नजर देत नाही, तर दोन वर्षांची वाट बघूच नका. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठीची एम-चॅट ही प्रश्नावली भरून घेतात. तिच्यातून स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान होत नाही, पुढे तपासायला हवं का एवढं कळतं.

लगेच जायचं ते अशा वेळी: वर्षाचं झालं तरी बडबड नाही, दीड वर्षाला एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, चार वर्षांना बाहेरच्या माणसाला बरंचसं बोलणं कळत नाही. आणि येत असलेले शब्द गेले, तर वय काहीही असो.

मुलगे मुलींपेक्षा उशिरा बोलतात हे सरासरीत थोडं खरं आहे, पण तो फरक किरकोळ असतो, वर्षभराचा नव्हे. वेखंड उगाळून जिभेवर चोळणं, अक्कलकारा चाटवणं यांनी बोलणं येत नाही, आणि ते मधातून देत असाल तर एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊच नका, त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर विषबाधेचा आजार होऊ शकतो. जीभ खाली चिकटलेली असली तर दूध ओढायला आणि क्वचित काही उच्चारांना त्रास होतो. त्यामुळे मूल मुळात बोलतच नाही असं होत नाही. जिभेखालचा तो बंध कापून आणला आणि शब्द सुरू झाले नाहीत, असे पालक नंतर हिरमुसून येतात.

दोन भाषांचंही तसंच. घरात मराठी, शेजारी हिंदी, शाळेत इंग्रजी यामुळे मूल मागे पडत नाही. "इंग्लिश मीडियममध्ये घालायचंय ना, मग घरी मराठी बंद करा," हा सल्ला अजूनही दिला जातो आणि तो चूक आहे. आईला ज्या भाषेत रागावता, लाडावता, गोष्ट रंगवता येते, तीच भाषा मुलाशी बोलायची. परदेशातल्या मराठी घरांनाही हेच लागू. तिथल्या थेरपिस्टला घरी मराठी बोलतो हे सांगा आणि मराठीतले शब्दही मोजायला लावा. नाहीतर मूल खरं आहे त्याहून कागदावर मागे दिसतं.

मोबाइलने मूल मुकं होत नाही, पण मोबाइल चालू असतो तेवढा वेळ त्याच्याशी कुणी बोलत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखाली पडदा नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराहून जास्त नको. जेवताना मोबाइल सोडवणं सगळ्यात कठीण, म्हणून सुरुवात तिथून करू नका. आधी संध्याकाळचा बंद करा.

पायरी ३: योग्य माणूस शोधा

या क्षेत्राची पदवी म्हणजे बीएएसएलपी, त्यापुढे एमएएसएलपी किंवा एम.एस्सी. भारतात हे काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते आणि नोंदणी झालेल्या प्रत्येकाला सीआरआर क्रमांक मिळतो. तो विचारण्यात संकोच नको. भिंतीवर लावलेला नसेल तर सरळ मागा. आठवड्याचा ऑनलाइन कोर्स करून "चाइल्ड स्पीच एक्स्पर्ट" अशी पाटी लावणारे तालुक्याच्या गावीही भेटू लागलेत.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून आहे. केंद्र सरकारची संस्था, त्यामुळे तपासणी आणि थेरपी माफक दरात होते. नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुण्यात भारती विद्यापीठात याचे अभ्यासक्रम चालतात. जिथे अभ्यासक्रम, तिथे विद्यार्थ्यांकडून वरिष्ठांच्या देखरेखीखाली थेरपी मिळते. विद्यार्थी म्हणून नाक मुरडू नका. त्यांच्याकडे वेळ असतो आणि प्रत्येक सत्राचा आराखडा तपासून घ्यावा लागतो, जे खासगीत दरवेळी होतंच असं नाही.

मोठ्या शहरापासून लांब राहणाऱ्यांसाठी जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ते चालतं. या कार्यक्रमाची देशातली सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरहून झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा तपासणीला येतात, १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात बसतात. पथकाची वाट न बघता अंगणवाडीताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगून चिठ्ठी घेतली तरी चालते. एक अडचण आहे: काही केंद्रांत थेरपिस्टचं पद रिकामं असतं. आधी फोन करून, कुठल्या दिवशी असतात ते विचारूनच निघा.

आसपास कुणीच नसेल तर महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि मधल्या आठवड्यांत व्हिडिओ कॉल हा मार्ग बरा. लहान मुलांच्या बाबतीत व्हिडिओ कॉलवर मुलाला बसवायचंच नसतं. थेरपिस्ट आईला बघते, आई मुलाशी खेळते.

पायरी ४: पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नका

अनोळखी खोलीत मूल तोंड उघडत नाही, आणि मग "घरी बोलतो हो" असं सांगत बसावं लागतं. त्याऐवजी दोन-तीन मिनिटांचे चार व्हिडिओ न्या: जेवताना, खेळताना, कुणाशी भांडताना, एकटं असताना. येणाऱ्या शब्दांची यादी, तेही मूल जसं म्हणतं तसंच लिहून. बाळंतपणाचे आणि कानाचे कागद. आणि जमल्यास दिवसभर जो सांभाळतो तो माणूस, मग ती आजी असो नाहीतर कामाच्या मावशी.

तपासणीनंतर उद्दिष्ट लिहून मागा. "बोलायला लागेल" हे उद्दिष्ट नव्हे. "तीन महिन्यांत हवं-नको खुणेने किंवा शब्दाने सांगेल, रडून नाही" हे उद्दिष्ट, कारण तीन महिन्यांनी ते झालं की नाही हे कुणालाही दिसतं. सत्रात बसू देत नसतील तर कारण विचारा. मूल आईला चिकटून बसतं हे कारण सुरुवातीचे काही दिवस चालेल, सहा महिने नाही. तीन महिन्यांत हमखास बोलतं करतो म्हणणाऱ्याकडून, आणि पन्नास सत्रांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याकडून उठून यावं.

आणखी एक: उच्चार सुधारायला फुगे फुगवणं, शिट्टी वाजवणं, जीभ नाकाला लावणं हे आपल्याकडे सर्रास करून घेतात. मुलांना मजा येते, पण त्याने उच्चार सुधारतात असं संशोधनात दिसलेलं नाही. उच्चार उच्चार करूनच सुधारतो. सगळं सत्र त्यातच जात असेल तर विचारा, हे कशासाठी.

पायरी ५: उशिरा बोलणाऱ्या मुलासाठी घरचं काम

पहिल्यांदा प्रश्न कमी करा. "हे काय? हा कुठला रंग? काऊ कसा ओरडतो? सांग ना काकांना!" दिवसभर अशी तोंडी परीक्षा चालली की मूल तिथून उठून जातं. प्रश्नाऐवजी जे चाललंय ते सांगा. अंघोळीला: "पाणी ओतलं. गरम आहे. पाय धुतला. दुसरा पाय." भाजी निवडताना: "शेंग घेतली. मोडली. टाकली." वाक्यं तोकडी, ओळखीची, तीच तीच. मूल एक शब्द बोलत असेल तर तुम्ही दोन-तीन शब्दांचं बोला. ते "गाडी" म्हणालं की तुम्ही "गाडी आली". ते "गाडी आली" म्हणालं की "लाल गाडी आली". एकच पायरी वर.

शब्द निवडताना मराठीसारखी सोय कमी भाषांत असेल: दे, घे, ये, जा, बस, ऊठ, ने, धू. एका अक्षराची, फार तर दोन अक्षरांची क्रियापदं, आणि प्रत्येकाने काहीतरी घडतं. एवढं हाताशी असताना आपण "एलिफंट", "ट्रँगल", "पर्पल" पाठ करून घेतो. जिराफ म्हणता येऊन मुलाला काय मिळतं? "दे" म्हणता आलं तर बिस्किट मिळतं. पहिल्या यादीत दे, नको, अजून, संपलं, उघड, ये, वर, गेलं असे शब्द ठेवा, सोबत घरातल्या माणसांची नावं.

मग बोलण्याची गरज तयार करा. घरात मुलाने तोंड उघडायच्या आत पाण्याचा पेला हजर होत असेल तर ते बोलणार कशाला? आवडता खाऊ झाकण घट्ट असलेल्या पारदर्शक बरणीत ठेवा. केळं देताना अख्खं देऊ नका, एक चकती द्या आणि थांबा. थांबणं हाच सगळ्यात अवघड भाग. मुलाकडे बघत, भुवया उंचावून, मनात सावकाश पाचपर्यंत मोजायचं. पहिल्या दोन सेकंदांत आजीच्याने राहवत नाही आणि ती म्हणते, "अजून हवं म्हण, म्हण ना राजा." तिला हळूच थांबवा. पाचव्या आकड्याला मूल नजर देईल, हात पुढे करेल, "अं" म्हणेल. त्याचा मान राखून लगेच "अजून! अजून केळं" म्हणत चकती द्या. शब्द म्हटल्याशिवाय देणारच नाही, असा हट्ट धरू नका. ताणून धरलं की रडारड होते आणि खेळ तिथेच संपतो. दोन वस्तू समोर धरून "दूध की पाणी?" विचारणं हाही चांगला मार्ग, कारण उत्तर प्रश्नातच असतं.

दोन शब्द जोडून बोलू लागलं की मराठीतला पुढचा टप्पा प्रत्ययांचा: बाबाला, गाडीत, टेबलावर. त्यानंतर पडला-पडली-पडलं. इथे मुलं खूप दिवस चुकतात, "आई आला" म्हणतात. "चूक, नीट म्हण" असं न म्हणता "हो, आई आली!" एवढंच, "आली"वर जरा जोर देऊन. दिवसात दहा वेळा ऐकलं की बसतं.

बोलणं यायला फार वेळ लागणार असेल तर चित्रं, खुणा किंवा अॅप सुरू करा. "चित्र दाखवायची सवय लागली तर बोलणारच नाही" ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते. अनुभव आणि संशोधन दोन्ही उलट सांगतात. सांगता येऊ लागलं की आदळआपट कमी होते, आणि शब्द यायचे असतील तर तेही येतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं "जेलो" हे मोफत अॅप मराठीतही आहे.

उच्चाराची अडचण: "काकू"ची "तातू"

तीन वर्षांच्या मुलाचे बोबडे बोल गोड, सहा वर्षांच्या मुलाचे वर्गात हसण्यावारी जातात. क-ग ऐवजी त-द म्हणणं साडेतीन-चारच्या आसपास सुटायला हवं. र आणि ळ सगळ्यात शेवटी येतात, त्यांना थोडा जास्त वेळ द्या. "रिक्षा"ची "लिक्षा" पाच वर्षांपर्यंत मी फारशी मनावर घेत नाही.

क शिकवायचा तर आधी ऐकायला शिकवा. गाणे-दाणे, गार-दार, कार-तार, काप-ताप अशा जोड्यांची चित्रं काढा आणि तुम्ही म्हणाल त्यावर मुलाने टिचकी मारायची. कानाला फरक कळला की तोंडाचं काम. मुलाला उताणं झोपवा, जीभ आपोआप मागे जाते. गुळण्या करताना घशात होणारा आवाज काढायला सांगा. तरी त येत असेल तर स्वच्छ चमच्याच्या दांड्याने जिभेचं टोक हलकेच खाली धरा आणि "क" म्हणायला लावा. टोक वर जाऊच शकत नाही, म्हणून त होत नाही. मग का-की-कू, मग "काप", "नाक", मग "काका काप खातो". घरी रोज पाच-सात मिनिटं पुरे. गप्पा मारताना मात्र दुरुस्त्या करायच्या नाहीत. शाळेतली मारामारी सांगायला आलेल्या मुलाला "तातू नाही, काकू म्हण" असं अडवलं तर पुढच्या वेळी ते सांगायला येत नाही.

तोतरेपणा

बोबडं बोलणं वेगळं आणि अडखळणं वेगळं. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत साधारण शंभरात पाच मुलं कधी ना कधी अडखळतात आणि त्यातली बहुतेक आपोआप सावरतात. मोठेपणी शंभरात एकाच्या आसपास उरतात. अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, घरात आणखी कुणाला असलं, किंवा बोलताना मूल डोळे मिटू लागलं, मान झटकू लागलं, शब्द टाळू लागलं तर थांबू नका.

घरी काय करायचं नाही, हेच इथे महत्त्वाचं. "हळू बोल", "श्वास घे", "पुन्हा नीट सांग" हे तिन्ही बंद. त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. पाहुणे आले की कविता म्हणायला उभं करायचं नाही. त्याऐवजी तुमचं स्वतःचं बोलणं सावकाश करा, मुलाचं बोलून झाल्यावर क्षणभर थांबून मग उत्तर द्या, आणि दिवसात दहा मिनिटं अशी ठेवा की भावंड मध्ये तोंड घालणार नाही.

मोठ्या माणसांत उद्दिष्ट बदलतं. अजिबात न अडखळणं हे ध्येय ठेवलं की माणूस फोन टाळतो, मुलाखत टाळतो, हॉटेलात हवं ते सोडून म्हणता येईल ते मागवतो. कमी ताण घेऊन अडखळणं आणि तरीही बोलणं, याचाही सराव असतो. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनचे स्वमदत गट अशा माणसांना फार उपयोगी पडतात.

लकव्यानंतर गेलेली वाचा

मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की उजवा हात-पाय लुळा पडतो आणि बऱ्याचदा भाषाही जाते. याला अफेजिया म्हणतात. तोंडाचे स्नायू कमजोर होऊन शब्द जड, अस्पष्ट येणं ही वेगळी गोष्ट, तिला डिसार्थ्रिया म्हणतात. दोन्ही एकत्रही असतात. अफेजियात माणसाची बुद्धी, ओळख, आवडनिवड शाबूत असते, शब्दांपर्यंतची वाट तुटलेली असते. त्याला वेड लागलेलं नाही आणि तो बहिराही नाही, तेव्हा मोठ्याने ओरडून उपयोग नाही.

एक गोष्ट घरच्यांना लाजवते. आयुष्यभर शिवी न दिलेले आजोबा झटक्यानंतर फक्त शिवीच देऊ शकतात, किंवा दर प्रश्नाला "हो हो हो" म्हणतात. शिव्या, आकडे, वार, आरती, पाढे हे सवयीने येणारं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने चालतं, म्हणून ते वाचतं. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी ज्या रुग्णाच्या मेंदूवरून बोलण्याची जागा मेंदूच्या पुढच्या भागात असल्याचं दाखवलं, तो जवळजवळ "तान" एवढंच बोलू शकायचा. तेव्हा शिवी मनावर घेऊ नका. उलट या शाबूत वाटेचाच उपयोग करा: रोजची आरती, हरिपाठ बरोबर म्हणा, एक ते दहा आकडे मोजा, आणि मध्येच थांबून पुढचा शब्द त्यांना म्हणू द्या.

थेरपी प्रकृती स्थिर झाल्याबरोबर सुरू करायची. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, पण वर्षानंतर दार बंद होतं हे खरं नाही. नंतरही सुधारणा होते, सावकाश.

शब्द अडला तर मदत टप्प्याटप्प्याने द्या. समजा आजोबांना पाणी हवं आहे आणि ते पेल्याकडे हात करून "ते... ते..." म्हणताहेत. आधी थांबा, दहा सेकंद तरी. मग "तहान लागली?" मग अर्धं वाक्य: "मला प्यायला हवंय..." तरी नाही तर पहिला आवाज: "पा..." शेवटी स्वतः "पाणी" म्हणा, त्यांना बरोबर म्हणू द्या, आणि पाणी द्याच. हवं ते मिळणं शब्दावर अडकवून ठेवायचं नाही. म्हातारा माणूस आहे, परीक्षार्थी नव्हे.

रोजच्या वापरासाठी एक वही करा. नातवंडांचे, घरातल्या खोल्यांचे, औषधांचे, चहा-कॉफी-ताकाचे फोटो, दुखतंय कुठे ते दाखवायला शरीराचं चित्र, देवळाचा, शेताचा, दुकानाचा फोटो. बोलताना टीव्ही बंद, एका वेळी एकच माणूस, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि मुख्य शब्द ठळक लिहून समोर. "हो"-"नाही" भरवशाचं आहे का ते आधी तपासा: "तुम्ही पुण्याचे का?" असा उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारून बघा. बँकेच्या, जमिनीच्या कागदांवर अंगठा घेण्याआधी तर हे तपासलंच पाहिजे. समजलं नाही तर समजल्याचं सोंग करू नका. "मला कळलं नाही, पण तुम्हाला काहीतरी सांगायचंय हे कळलं, नंतर परत बघू," असं सांगितलेलं त्यांना पटतं.

गिळण्याकडे लक्ष, बोलण्याच्याही आधी

झटक्यानंतर, पार्किन्सनमध्ये, घशाच्या शस्त्रक्रियेनंतर गिळणं बिघडतं, आणि ते तपासणं हेही स्पीच थेरपिस्टचंच काम. पातळ पदार्थ सोपा असं आपल्याला वाटतं, म्हणून आपण चमच्याने पाणी, चहा, पेज घालत राहतो. पण गिळण्याचा वेग मंदावला की पाणीच सगळ्यात आधी श्वासनलिकेत उतरतं. खाताना-पिताना ठसका, घोटानंतर आवाज ओलसर घरघरणं, जेवणाला तासभर लागणं, वारंवार ताप येणं, यातलं काही दिसलं तर तोंडाने देणं थांबवून डॉक्टरांना कळवा. फुप्फुसात अन्न गेलं की न्यूमोनिया होतो, आणि काही रुग्णांना ठसकाही लागत नाही. झोपवून किंवा अर्धवट झोपेत भरवू नका. पूर्ण ताठ बसवा, छोटा घास, एक घोट, तोंड रिकामं झाल्याची खात्री, आणि जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवा. पदार्थ किती दाट करायचा, मान कशी ठेवायची हे रुग्णागणिक बदलतं, ते तपासणीनंतरच.

आवाज बसतो तेव्हा

शिक्षक, भाजीवाले, कीर्तनकार, कंडक्टर यांचा आवाज सतत बसत असेल तर आवाजाची थेरपी असते आणि ती चांगली लागू पडते. पण तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या. तंबाखू, विडी, सिगारेटची सवय असेल तर एक दिवसही लांबवू नका. स्वरयंत्रावर साध्या गाठी निघाल्या तर खाकरणं बंद, पाणी भरपूर, आणि कुजबुजणंही नको, त्यानेही ताण पडतो. कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावं लागलं तरी बोलता येतं: अन्ननलिकेतून आवाज काढायला शिकून, शस्त्रक्रियेने झडप बसवून किंवा गळ्याला लावायच्या यंत्राने. शस्त्रक्रियेच्या आधीच थेरपिस्टला भेटलेले रुग्ण नंतर कमी घाबरतात.

कागदपत्रं आणि पैसे

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे. अफेजिया किंवा स्वरयंत्र काढल्याने आलेलं कायमचं दिव्यांगत्व त्यात बसतं. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणीला जावं लागतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा देते, आणि त्यात ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही धरतात. पावतीवर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक आणि सही हवी, नाहीतर दावा परत येतो.

थेरपीचा खर्च झेपत नसेल तर ती अर्धवट सोडण्याऐवजी थेरपिस्टला तसं सांगा. आठवड्यातून दोनदाऐवजी पंधरवड्यातून एकदा, घरचं काम लिहून आणि मधल्या काळात व्हिडिओ पाठवून, असं बसवता येतं. तीन महिने घरी मन लावून करूनही लिहिलेल्या उद्दिष्टाकडे काहीच सरकलं नसेल, तर उद्दिष्ट बदलायला सांगा किंवा दुसऱ्या थेरपिस्टचं मत घ्या. जुन्या अहवालाची प्रत मागायला लाजू नका.